तळ्याकाठचे नऊ रविवार

दि. ३ मार्च

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र पोचलं. इथे काम जमतंय. पाणीपुरवठा कचेरीत नळजोडणीचे अर्ज तपासून शिक्का मारायचा. एकही अर्ज मी दोनदा वाचल्याशिवाय सोडत नाही, त्यामुळे माझ्या टेबलावरची चळत सगळ्यांत उंच असते. सोमवार ते शनिवार निभतं, रविवार मात्र जाता जात नाही. खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. घरमालकीण खाली शिवणकाम करतात. त्यांचं मशीन थांबलं की जिन्यात चाहूलसुद्धा नसते. गेल्या रविवारी दिवसभरात मी एकदाच बोलले, तेही दूधवाल्याशी.

कचेरीमागे तळं आहे. तिथे लोक बास मासा धरायला येतात, एकेकटे, तासन्‌तास बसतात. हातात काठी असली की एकटे का बसलात असं कोणी विचारत नाही. मी नुसती बसले, तर दोघांनी येऊन विचारलं, कोणाची वाट बघताय का. म्हणून काठी घ्यावी म्हणते. कशी निवडायची ते लिही. तू जायचास तेव्हा अभ्यास बुडेल म्हणून मला कधी नेलं नाहीस.

आणखी एक. पंधरा मेच्या आत नोकरीत कायम होण्याच्या कागदावर सही करायची आहे. नाही केली तर घरी यायला मोकळी. तुला काय वाटतं हे विचारत नाही, कारण तुझं तू बघ असंच म्हणशील.

आठवण काढत जा, मला ती पोचते.
तुझी भाची

दि. ९ मार्च

चि. मास्तरीणबाईस,
अ. आ.

पाटीवर मला अक्षरं तू शिकवलीस, आता मासे मी शिकवतो. फिटंफाट.

काठी तुझ्यापेक्षा दीड वीत उंच घे. दुकानात टोक जमिनीला टेकवून हलकं दाब. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा वाकला आणि मूठ ताठ राहिली तर घे. सगळीच वाकली तर तो चाबूक, अजिबात नाही वाकली तर तो खुंटा. रीळ काठीखाली लोंबणारं घे, नवख्याचा गुंता त्यात कमी होतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक घे. दुकानदार जाड गळ्यात मारेल, ऐकू नकोस. आमिष म्हणून रबराचा किडा बरा, जिवंत गांडूळ तुझ्याच्याने धरवणार नाही.

गवताच्या कडेला टाक, बुडू दे, मग हळूहळू उचल. बास आळशी असतो, आडोशाला बसून तोंडापाशी येईल तेच खातो. आमच्या सायकलच्या दुकानावर टेकणाऱ्या गिऱ्हाइकांसारखा.

सहीचं म्हणशील तर तुझं तू बघ.

तब्येत सांभाळ, अर्ज एकदाच वाच.
मामा

दि. ७ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

काठी घेतली. दुकानातल्या अकरा काठ्या वाकवून पाहिल्या, दुकानदार शेवटी स्टूल घेऊन बसला. रीळ खालचं आहे. तंगूस त्याच्याकडचा सर्वांत बारीक नको म्हणून त्याच्या वरचा घेतला. शिशाच्या दोन गोळ्या आणि सहा रबरी किडे, जांभळे. गाठ वहीत काढून घेतली आणि घरी वीस वेळा बांधली.

चार रविवार झाले, मासा नाही. गवताच्या कडेलाच टाकते. पाच-सहा वेळा ओढ लागली आणि सुटली. एका किड्याची शेपटी कुरतडलेली निघाली. तरी वेळ बरा जातो. पलीकडे एक घड्याळजी बसतात, पांढऱ्या मिशांचे. ते मान हलवतात, मीही हलवते. आठवड्यातलं माझं तेवढंच येणंजाणं.

मासा लागला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. शिकवणाऱ्याची चूक नाही.

माझ्यावर माया आहे तशीच असू दे.
तुझी भाची

दि. १२ एप्रिल

चि. मास्तरीणबाईस,
अ. आ.

तिथलं पाणी गढूळ असेल. जांभळा सोड, काळा लावून बघ. दोन गोळ्यांपैकी एक काढ. घाई करू नकोस. मासा नाही लागला म्हणून काही अडत नाही. इथली तुझी खोली झाडून ठेवली आहे, तुला सहज कळावं म्हणून लिहिलं.

जेवणाची वेळ चुकवू नकोस.
मामा

दि. २८ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

तुझ्याशी लबाडी केली, ती पोटात राहत नाही.

माझ्या तंगुसाला गळच नाही. पहिल्या दिवसापासून नाही. नुसता किडा बांधते. दुकानदाराने गळाची डबी पुढे केली तेव्हा मी आहेत म्हणून सांगितलं. मासा खरंच लागला तर त्याला कसा धरायचा, त्याचं तोंड फाटलं तर काय, या भीतीने ती डबी परत सारली. मला बसायला निमित्त हवं होतं, मासा नको होता. आणि तू बिचारा किड्याचे रंग बदलायला सांगत बसलास.

गेल्या रविवारी घड्याळजी चालत माझ्यापर्यंत आले. किडा बघू म्हणाले. हातात घेऊन उलटसुलट केला, माझ्या तळव्यावर परत ठेवला आणि आपल्या जागेवर गेले. आज ते तळ्याच्या दुसऱ्या अंगाला बसले होते. मान हलवली नाही. मी त्यांची थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं असणार. मी दिवसभर पाण्याकडे बघत होते, पण बसणं आधीसारखं राहिलं नाही.

घरी यावं असं फार वाटतं. सतरा दिवस उरलेत.

रागावलास तरी पत्र लिही.
तुझी भाची

दि. ३ मे

चि. पोरीस,
अ. आ.

रागवायचा हक्क माझा नाही. तू सामान लिहिलंस त्यात गळ नव्हता. गाठ वीस वेळा बांधणारी, तंगुसाची जाडी कळवणारी तू, गळ विसरशील? त्यात ओढ लागते आणि सुटते, शेपटी कुरतडते. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी काळा किडा लाव म्हणून लिहिलं. मासा लागला नाही तर तू कंटाळून परत येशील, असं मनात होतं. संध्याकाळी घरी येतो तर कुलूप मीच लावलेलं असतं आणि मीच काढतो. त्या कुलपापायी तुला सात आठवडे बिनगळाची बसू दिलं.

आता खरं सांगतो. गळ घे, करंगळीच्या दोन पेरांएवढा. त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाक म्हणजे तोंड फाटत नाही. किड्याच्या डोक्यातून आत घालून अंगातून बाहेर काढ. रिळाचं बटण थोडं सैल ठेव, मासा ओढेल तर ओढू दे, तंगूस तुटणार नाही. जवळ आला की हात ओला कर आणि अंगठा त्याच्या खालच्या ओठात घाल. बासला चावणारे दात नसतात, कानशीसारखे खरखरीत असतात. अंगठ्यावर धरलास की तो गप्प होतो. गळ काढ, सोडून दे. एवढंच आहे सगळं.

मग सही करायची की नाही ते ठरव.

मी बरा आहे.
मामा

दि. १३ मे

ती. मामास,
सा. न.

काल लागला. मी किडा उचलत होते आणि काठी माझ्या हातातून पुढे निघाली. बटण सैल होतं म्हणून तंगूस टिकला. किती वेळ गेला कळलं नाही, गुडघ्यापर्यंत पाण्यात कधी गेले तेही नाही. अंगठा ओठात घातला. तो गप्प झाला, मीही. हिरवट, जड, पोट पांढरं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. एवढा वेळ मी कुणाला हात लावला नव्हता इथे आल्यापासून. सोडला तेव्हा दोन क्षण तसाच थांबला, मग गेला.

पलीकडे घड्याळजी उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला. आले नाहीत.

आज कचेरीत आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी अंगठ्याची सालं निघालेली बघून विचारलं, काय झालं. मी सांगायला लागले आणि थांबेना. त्या फाईल काखेत धरून सगळं ऐकत राहिल्या, मग कामाला गेल्या. उद्या पुन्हा बोलतील की नाही, माहीत नाही.

दुपारी सही केली. कागद एकदाच वाचला.

तुझ्या पत्राचा मला राग आला नाही. घरी कोणीतरी माझ्यासाठी खोटं बोलण्याइतकं वाट बघत होतं हे वाचून मी पायरीवर बसून राहिले. आणि तरी सही केली, मामा. खोली झाडत राहू नकोस. एखादा भाडेकरू ठेव, बोलका बघून ठेव.

रागावून का होईना, दर आठवड्याला लिही.
तुझी भाची