मारून झालं की बाजूला

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? माझं विचारू नकोस. घरात फितुरी झाली आहे. तुझ्या लाडक्या भावजयीने मला टाकलं. संसारातून नाही, अजून तरी. टेबल टेनिसच्या जोडीतून. क्लबच्या मिश्र दुहेरीत तिने परस्पर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांबरोबर नाव दिलं. ज्या माणसाला वाकून बॉल उचलताना धाप लागते, तो माझ्या जागी! जाब विचारला तर म्हणाली, तुमच्याबरोबर मी दमते, आणि फक्त टेबलावरच नाही.

मागच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो ते तिच्यामुळे. तरी मी रागावलो नाही. घरी येईपर्यंत वाटेत फक्त तिच्या चुका समजावून सांगितल्या. छापखान्यातही मी सगळ्यांना असाच सांभाळून घेतो. मशीनवाल्याने तर माझ्यासाठी खास खडूने जमिनीवर रेघ आखलीय. त्या रेघेवर उभं राहून मी सूचना देतो, एवढा मान आहे तिथे.

तू तिला समजाव, तुझं ती ऐकते. आज जोडी मोडली, उद्या आणखी काय मोडेल? खरंच भीती वाटते गं.

पत्राला उशीर कर, पण मायेला नको.
तुझा धाकटा


दि. ११ मार्च

चि. शहाण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुला ते लागणारच आहेत.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अरे, ती रेघ मानाची? तू पलीकडे येऊ नयेस म्हणून आखलीय ती! तो बिचारा रोज सकाळी वाकून ती ठळक करत असेल आणि तू तिच्यावर छाती काढून उभा. धन्य आहे.

लहानपणी माझ्याबरोबर खेळायचास ते आठव. दुहेरीत एकदा आपण मारायचं, एकदा जोडीदाराने, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे मारून झालं की बाजूला व्हायचं. तू मात्र फटका मारून तिथेच, फोटोला उभा राहिल्यासारखा. मी तुला वळसा घालून पोचेपर्यंत बॉल भिंतीवर. वर मलाच विचारायचास, झोपलीस का! माझा गुडघा कशाने गेला असं वाटतं तुला?

आणि हे टेबलापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. तुमच्याकडे आले होते तेव्हा पाहिलं ना. ती पाहुण्यांना काही सांगायला लागली की शेवट तू करायचा. ती पातेलं उतरवायला वळली की तू गॅससमोर उभा, आच किती असावी यावर तुझं व्याख्यान. स्वतः कधी चहा टाकलायस का रे?

मी तिला काही समजावणार नाही. तूच जा आणि तिचे सामने बघ. शिकवायचं नाही, मान हलवायची नाही, च्च च्च करायचं नाही. लांब गेलेले बॉल तेवढे उचलून द्यायचे. मला नाही वाटत जमेल.

माया आहेच, पण ती गृहीत धरू नकोस.
तुझी ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो बाई. खुर्च्यांखाली रांगून बॉल काढले. क्लबातले लोक हसत होते, हसू देत. डॉक्टरांचा खेळ म्हणजे आनंद आहे, एका हाताने पँट सावरतात. पण मारलं की गडी लगेच मागे सरकतो. मला आधी तो भित्रेपणा वाटला.

उपांत्य सामन्यात तिने डाव्या कोपऱ्यातून उलट्या हाताचा असा फटका हाणला की हॉलभर टाळ्या. मी शेजारी बसलेल्या क्लबच्या जुन्या पंचांना विचारलं, हा कधी शिकली? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, हा तिचा लग्नाआधीपासूनचा फटका, तुम्हाला कसा ठाऊक नाही?

ताई, तो डावा कोपरा. तिथे मी उभा असायचो.

रागाव, पण लिहीत जा.
तुझा धाकटा


दि. २ एप्रिल

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

मी आणि डॉक्टर अंतिम सामना हरलो. त्यांनी अगदी सोपा बॉल जाळीत घातला. घरी येताना वाटेत हे चक्क गप्प. ओठ सारखे हलत होते, आवाज नाही. मला आधी भीती वाटली, मग हसू आलं. शेवटी मीच म्हटलं, बोला एकदाचं, पोट फुगेल. तर म्हणाले, तूच सांग कसा झाला सामना. सबंध सामना यांनी डोळ्यांनी पाहिला होता हो! तरी मी सांगितला. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. परत जोडी करायची का, असंही विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. जरा झुरू देत.

घर आलं तरी माझं बोलणं संपलं नव्हतं. यांनी कुलूप काढलं आणि सवयीने उंबऱ्यात मधोमध उभे राहिले. मी नुसतं पाहिलं.

झाले बाजूला.

तुमचा धाक आणि लोभ, दोन्ही असेच राहू द्या.
तुमची भावजय