नकाराची गोळी

स्नेझाना,

तू सोफियाला गेल्यापासून मिरच्यांच्या लोणच्याची झाकणं मला जुमानत नाहीत, ही तक्रार आधी नोंदवून घे.

माझ्या अपस्माराच्या आकड्या तू निमूट सोसल्यास. सोसला नाही तो माझा अबोला. "ओग्न्यान, उदासीवर गोळी माग," म्हणायचीस. मी विद्वानासारखा सांगायचो, "त्या गोळ्यांनी मेंदूतल्या सेरोटोनिनला छेडलं की आकड्या वाढतात."

तू गेल्यावर नव्या जर्मन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उदासीवर गोळी देऊ?" मी मान वर-खाली हलवली. आपला हा बल्गेरियन नकार त्यांच्याकडे होकार असतो. त्यांनी लिहून दिली, मी आकडीचीच समजून घेत राहिलो. आकड्या वाढल्या नाहीत. एका सकाळी दाढी करताना गुणगुणलो, तर ऐकायला घरात कोणी नव्हतं.

घोटाळा कळल्यावर बाई ओशाळल्या. "बंद करू?"

"राहू द्या," मी तोंडाने सांगितलं.

काल तुझ्या आईकडे गेलो. म्हटलं, "स्नेझानाचं बरोबर होतं."

"उशीर केलास बाबा. तिने तिकडे दुसरं घर मांडलं. तरी तिला कळव."

"पत्र लिहीन."

"लिहिशील. टाकणार नाहीस."

तुझ्या आई मला ओळखून आहेत. 'तुझं बरोबर होतं' हे वाक्य मी तुझं देणं लागत होतो. ते त्यांच्या हाती दिलं आणि निघालो.

उशिरा शहाणा झालेला,
ओग्न्यान