यंत्राला भरती माहीत नव्हती

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता पेन हातात घेतलंय. चौथीतून तूच काढलंस मला, तेव्हा अक्षर असंच असणार, वाचायचं तर वाच. आईबरोबर बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसायला माणूस हवं होतं, तोंडी हिशोब मला येत होता, मग शाळा कशाला, असं तुझं म्हणणं. त्याच मुलीला आता मच्छीमार सोसायटीने उपग्रहाचे फोटो बघायला बसवलंय. हसू नकोस. त्या फोटोंपायी काय झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही.

खाडीच्या तोंडाशी पाणी किती ते बघायला तू स्वतः जायचास, हातात बांबू घेऊन. आता ते आभाळातून दिसतं. दर काही दिवसांनी उपग्रह सकाळच्या सुमाराला वरून जातो, ढग नसले तर आपल्या खाडीचा फोटो मिळतो. आम्हाला कुठे प्रोग्राम लिहिता येतो? म्हणून शहरातून शिकवायला आलेल्या बाईंनी मोबाइलवर मराठीत चौकोन दिले. एक चौकोन फोटो आणतो, दुसरा ढगाळ फोटो टाकून देतो, तिसरा पाणी आणि वाळू वेगळी करतो, शेवटचा ग्रुपवर मेसेज टाकतो. बोटाने एकाला एक जोडायचे, बस. मग कोणी हात लावायला नको, नवा फोटो आला की यंत्र आपलं आपण बघतं आणि सांगतं. पावसाळ्यानंतर तोंडावरचा वाळूचा दांडा सरकला होता, उत्तरेला नवी वाट फुटलीय असं सगळे म्हणत होते. ती खरी असली तर बोटींना भरतीसाठी बाहेर ताटकळायला नको. त्यासाठी एवढा खटाटोप.

बाईंनी विचारलं होतं, "भरती-ओहोटीचा चौकोनही जोडायचा का?" आम्ही बायका फिदीफिदी हसलो. मी म्हटलं, "बाई, भरती आमच्या अंगात हाय, ती काय फोनला विचारायची? पुढचं सांगा, घरी मासळी पडलीय." त्याही हसल्या. तो चौकोन राहिला.

पुनवेचा दिवस. दुपार कलली आहे, मी बाजारात बसले आहे, एक कारखान्यातला माणूस "मौसी, ताज़ा है ना?" म्हणत बोंबील दाबून दाबून बघतोय आणि मी त्याचा हात झटकतेय. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर यंत्राचा मेसेज: उत्तरेची वाट मोकळी. मी शेजारणीला दाखवलं, "बघ, माझं यंत्र बोललं!" ती म्हणाली, "नवऱ्यापेक्षा बरं, विचारल्याशिवाय बोलतं." हसता हसता मी फोटो उघडला. उत्तरेला सगळं निळं, वाळूचा ठिपका नाही. छान. मग दिसलं, आपला काळा खडकही नाही. तो खडक बुडतो फक्त उधाणाच्या भरतीला. म्हणजे फोटो सकाळचा, पाणी चढलेलं असतानाचा. खाली वाळू असली तरी दिसणार कशी? आणि आता सुकती लागलेली, पाणी उतरत होतं, आणि तुझा धाकटा पोरगा बोट घेऊन परत येत होता.

त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणं. "बाय, मेसेज बघितला! उत्तरेनं घालतोय आत."

"नको घालू. तो फोटो भरतीचा हाय."

"तुझंच यंत्र सांगतंय ना मोकळी म्हणून?"

"यंत्राला भरती म्हाईत नाय."

"मग इतके दिवस तिथं काय शिकलात? भजी खाल्लीत?"

"भजी पण खाल्ली. तू नांगर टाक."

"बर्फ संपलाय, बोंबील पाणी सोडतील. तिथं वाळू हाय की नाय, तेवढं सांग."

"म्हाईत नाय."

"मग थांबू कशाला?"

तेव्हा तू आठवलास. आई चुलीपुढे, तू पाटावर, आणि दारात दुसऱ्या बोटीचा तांडेल विचारतोय, तोंडाशी पाणी किती? तू म्हणतोस, उद्या बघून सांगतो. तो फणकारून गेला. मी म्हटलं, सांगून टाकायचं ना, रोज तर जातोस. तू घास खाली ठेवलास. "आपल्या बोलण्यावर माणसं बोट आत घालतात. तोंड हाय म्हणून बोलायचं नसतं." मला तेव्हा फार राग आला होता. आता तुझं ते बोलणं त्याला सांगावं असं वाटलं, पण तेवढं सुचलं नाही. मी नुसतं ओरडले, "मी सांगते म्हणून थांब!" आणि फोन तुटला. परत लागला नाही.

टोपली शेजारणीकडे टाकली, रिक्षा पकडली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, रस्ता खराब हाय, आरामात जाऊ." त्याला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. किनाऱ्यावर पोचले तर उन्हाने डोळे दिपलेले, मला नीट दिसेना. मग बोट दिसली. दांड्याच्या बाहेर उभी होती, नांगरावर. मी तिथेच ओल्या वाळूत बसले.

रात्रीच्या भरतीवर तो जुन्या वाटेने आला. बोंबील नासले होते, सुकवायलाही उरले नाहीत. खलाशी माझ्याकडे बघेनात. उत्तरेला त्या वेळी खरंच वाळू होती का, कोणाला ठाऊक. तिथे पाणी पांढरं फुटताना सगळ्यांनी पाहिलं, पण कोणी वाळू म्हणालं, कोणी नुसती लाट. धाकटा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

मी बाईंना फोन लावला. त्या "मी म्हटलं नव्हतं का" असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हीच जोडा, मी सांगते." आता फोटोच्या वेळेला भरती होती की ओहोटी ते यंत्र आधी बघतं आणि मेसेज टाकण्याआधी मला विचारतं. मी "पाठवा" दाबलं तर वाट मोकळी असल्याचं ग्रुपवर जातं, "थांबा" दाबलं तर बोटी बाहेर थांबतात. सोसायटीत एक म्हातारा नाखवा कुरकुरला, "मग हिलाच विचारायचं हाय तर उपग्रह कशाला?"

हे पत्र कुठे टाकणार? पेटीत तुझ्या फोटोखाली ठेवीन. पण एक लिहायचं राहिलं. परवा फोटो आला तो ओहोटीचा होता, खडक उघडा, दांडा स्पष्ट, आणि उत्तरेला दोन वाळूंच्या मधून काळंभोर खोल पाणी. काहीच शंका नव्हती. धाकटा बाहेर होता. माझं बोट "पाठवा"वर गेलं, तिथून सरकवलं आणि मी "थांबा" दाबलं. तो भरतीपर्यंत थांबला, आत आला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बरं झालं बाय, सांगितलंस, नायतर वाळूत रुतलो असतो." मी मान हलवली. वाट मोकळी होती, बाबा.