काठी वाजली की पळायचं

७ ऑक्टोबर, सोमवार

पेटवली! आज मी भट्टी पेटवली. अक्षर असं कोंबडीने उकरल्यासारखं. तसं ते नेहमीच असतं म्हणा. चार इयत्ता शाळा, पुढे सगळा जन्म द्राक्षमळ्यात.

खातुनाने ही वही दिली. "आजी, भीती वाटली की यात लिही. मला वर्गात असताना फोन नको करूस." नात शहाणी आहे माझी. नोव्हेंबरात गिओर्गीचा सण झाला की तिचं लग्न. लग्नात पहिला पेला घरच्या दारूचा, आणि तो उचलायचा आजोबाने — असंच होत आलंय. आजोबा बिछान्यात आहे म्हणून काय विकतची आणायची? पाहुणे तोंडावर गोड बोलतील आणि वेशीबाहेर गेल्यावर हसतील.

नवरा माझा, जुंबेर, वरच्या खोलीत. ऑगस्टात मारियमच्या सणाला, ताटावर बसल्या बसल्या कलंडला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डावा हात राहिला, आणि काठी. फळीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आमचा सगळा संसार आता तेवढ्यावर चाललाय. पूर्वी तरी याहून किती बोलायचा!

आणि भट्टी आहे ती बरोबर त्याच्या खाटेखाली. तळघरात. त्याच्या आजोबांनी विटांत बसवलेला तांब्याचा हंडा, हलवायचा म्हटला तर बैलजोडी लागेल. हंडा फुटला तर — नाही लिहीत. वरच्या वाडीतल्या ओमारचा फुटला होता. छप्पर शेजाऱ्याच्या मक्यात सापडलं आणि त्याच्या भुवया काही परत आल्या नाहीत. पण ओमारला पाय होते, तो पळाला.

विचारलं जुंबेरला, "मागच्या खोलीत नेऊ का तुला, भट्टी चालू असेपर्यंत?"

ठक ठक! इतक्या जोरात, की खाली गेले तेव्हा हंड्यावर धूळ पडलेली.

त्याला ठिबक ऐकायची असते. जन्मभर त्याने भट्टी कानानेच चालवली. भट्टीकडे पाठ करून अक्रोड फोडत बसायचा, आणि ठिबक जरा बदलली की उठायचा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जळली. सगळी दारू करपलेल्या दुधासारखी वासाची. ओतून दिली. त्या बाजूला डुकरंही फिरकेनात.

९ ऑक्टोबर, बुधवार

वाटी घेऊन वर गेले. नाकाशी धरली तर त्याने तोंड फिरवलं. खाटेच्या कडेवर बसून विचारत सुटले.

"आग जास्त झाली?" ठक ठक.

"द्राक्षांचा चोथा बिघडला होता?" ठक ठक.

"पाणी कमी पडलं?" ठक ठक.

"मग काय, माझं नशीब फुटकं?" थोडा थांबला आणि — ठक! मेला. अर्धं तोंड वाकडं झालंय, पण खोड गेली नाही.

मग काठी खिडकीबाहेर रोखली. अंगण, कुंपण, कोंबड्या, वेली... वेलीशी काठी थांबली. वेलीचं काय? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. छाटलेल्या काड्यांची मोळी! दरवर्षी तो मोळी घेऊन तळघरात उतरायचा, मला वाटायचं जाळायला. त्या काड्या हंड्याच्या तळाशी अंथरायच्या असतात, चोथा बुडाला लागू नये म्हणून. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नाही. पण मला कोण सांगणार! बायकांनी तंदूर सांभाळायचा, पुरुषांनी भट्टी. तंदुराजवळ तो फिरकला असता तर मीही त्याला फुंकणीने मारलं असतं.

कुंपणावरून शेजारीण वेनेरा मला नावाने हाक मारत ओरडली, "अगं बाबाले, बाईचा हात लागला की हंडा रुसतो! माझ्या सासूने सांगितलंय."

म्हटलं, "तुझी सासू तुझ्यावर रुसली होती, हंड्यावर नाही."

हसले खरी. पण खाली गेले की हसू पळतं. अंधारात तो हंडा पोट काढून बसलेला असतो, माझी वाट बघत असल्यासारखा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काड्या घातल्या, करपलं नाही. पण झाकणाच्या नळीला जिथे सांधा आहे, तिथून वाफ सुटते. फूस — फूस — सापासारखी. ती वाफ आगीकडे वळली तर? कुणीतरी सांगितलं होतं, वाफच पेटते. ओली फडकी गुंडाळली, बोटं भाजली, आग ओढून काढली. आजचाही दिवस वाया.

सांध्याला लिंपायची कणीक जुंबेर स्वतः करायचा. कणीक कसली, राख आणि पीठ कालवलेला चिखल! मी केवढी हसायचे. "ही भाकरी कोणाला, मेलेल्यांना?" त्याच्यासारखीच करून बघितली, तर वाळली, तडकली, पडली. मला वाईट कणीक मळताच येत नाही, त्याला मी काय करू?

दवाखान्यातली बाई येऊन गेली. पाय दाबला, "ढकला आजोबा, ढकला." त्याने ढकलला म्हणे थोडा. नंतर चिडून काठी भिरकावली, ती माझ्या लोणच्याच्या बरणीला लागली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

जमलं!! तंदुरासाठी भिजवलेली माझी कणीक होती — आंबवलेली, लोण्यासारखी. तिचाच एक गोळा घेतला आणि सांध्यात चांगला दाबून बसवला. एक फूस नाही! वाफ गप्प. नळीतून ठिबक सुरू, स्वच्छ, टप टप टप. वरून एक ठोका आला.

बघ म्हटलं, जन्मभर राख कालवत बसलास. चांगल्या कणकेला तोड नाही.

तासाभरातच आग काढली, ही नुसती चाचणी. सोमवारी मोठा घाणा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी हंडा भरला, सांधा ताज्या कणकेने लिंपला, आग घातली. ठिबक सुरू झाली. म्हटलं जरा अंगणात जाऊ, वेनेरा अक्रोडाच्या माळा वाळत घालत होती. तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती — काय ते आठवत नाही आता. तेवढ्यात वरून काठी. एक नाही, दोन नाही. ठक ठक ठक ठक ठक — थांबेचना.

वाटलं त्यालाच काही झालं. जिना कसा चढले कोण जाणे. तर तो खाटेवर अर्धा वळलेला, डोळे एवढे मोठे, आणि काठी जमिनीकडे. खाली, खाली. मग मलाही ऐकू आलं.

म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. ठिबक बंद होती.

आणि त्या शांततेखाली एक आवाज. हंडा गुणगुणत होता. पायाखालच्या फळ्या त्याच्याबरोबर थरथरत होत्या, खाटेशेजारचा पेला किणकिणत होता. आग चालू, वाफ तयार होतेय, आणि बाहेर पडायची वाट बंद.

मी जुंबेरच्या काखेत हात घातला. म्हटलं ओढते, जिन्यावरून घसरत गेला तरी चालेल. हलेना. केवढा जड माणूस, आणि अर्धा तर आणखीच जड. त्याने मला काठीने ढकललं. छातीवर टेकवून दाराकडे ढकललं. जा. तू जा.

म्हटलं, "गप रे. मोठा आला!"

खाली गेले. कशी गेले? देवाला विचारा. हंड्याचं झाकण दोरांनी बांधलेलं, ते दोर तारेसारखे ताठ. हंड्याकडे बघितलंच नाही. कोंबड्यांचं पाणी होतं ती बादली घेतली, पोतं भिजवून डोक्यावर घेतलं आणि लांब दांड्याने आग ओढली. निखारे पसरले, पाणी ओतलं, सगळा धूर. दांडा टाकून वर पळाले. बाहेर नाही, वर. त्याच्या खाटेवर चढले आणि त्याच्या अंगावर पडून राहिले. म्हातारी मी, पण छप्पर कोसळलं तर तेवढी तरी आड येईन ना.

तो माझ्या केसांतून हात फिरवत होता. डावा हात, वेडावाकडा.

गुणगुण चालूच. मग हळू. मग आणखी हळू. मग पेला थांबला.

वेनेरा अंगणातून ओरडत होती, "बाबाले! जिवंत आहेस का? तुझ्या माळा पण मीच काढू का?"

१५ ऑक्टोबर, मंगळवार

खाली गेले नाही. तळघराच्या दाराला कुदळ टेकवून ठेवलीय. हंडा बाहेर येणार आहे की काय! पण ठेवलीय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गोचाचा फोन. आवाज ऐकल्याबरोबर कळलं, वेनेराने सांगितलंय. बातमी पोचवण्यात त्या बाईचा हात कोणी धरणार नाही.

"आई, वेड लागलंय का तुला? बाबा वर, आणि खाली तू बॉम्ब पेटवतेस?"

"बॉम्ब कसला. ठिबक थांबली जरा."

"मी रविवारी येतोय. हंडा भंगारात देतो आणि तुम्हा दोघांना तिबिलिसीला आणतो. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, काय हवं आणखी?"

काय हवं! खाली माती हवी. पण तसं बोलले नाही, कारण तो खोटं कुठे बोलत होता? सोमवारी म्हातारा गेलाच असता माझ्या हातून. फोन ठेवला तर जुंबेर माझ्याकडे टक लावून बघतोय. सगळं ऐकलं होतं त्याने. विचारलं, "जायचं का रे लेकाकडे?"

ठोका आलाच नाही. एकही नाही. काठी पांघरुणावर आडवी ठेवून भिंतीकडे बघत राहिला.

सोमवारपेक्षा याची भीती जास्त वाटली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कुदळ काढली. क्रूसाची खूण केली, उतरले. हंडा गार, मुकाट. नळी सोडवली, डोळ्याला लावून आत बघितलं — उजेड दिसेना. वेलीची काठी घालून ढोसलं. ढोसलं, ढोसलं, आणि बाहेर काय पडावं?

पाव!

खरंच पाव. नळीच्या मापाचा, गोल, बाहेरून तांबूस खरपूस, आतून जाळीदार. माझी कणीक! ऊब लागल्याबरोबर फुगली, फुगत फुगत नळीत शिरली आणि तिथेच भाजली गेली. शनिवारी आग लवकर काढली म्हणून वाचले होते. राखेच्या चिखलाला फुगता येत नाही. म्हणून तो राख घालायचा. आणि मी हसायचे!

तसाच तो पाव बशीत घालून वर नेला. जुंबेरसमोर धरला. बघितला त्याने. माझ्याकडे बघितलं. परत पावाकडे. मग त्याच्या पोटातून काहीतरी हलायला लागलं. मी घाबरले, म्हटलं झटका आला परत. तर हसत होता! आवाज नाही, अर्धं तोंड, डोळ्यांतून पाणी, आणि खाट कुरकुरतेय. ऑगस्टापासून पहिल्यांदा. मीही हसले, इतकी की शेवटी रडले.

मग त्याने बोट दाखवलं. पीठ. मग चुलीकडे. राख. परात मांडीवर ठेवून दिली, उशा लावून बसवला. एका हाताने कालवत बसला. मी नुसती परात धरून. त्याने सांगेपर्यंत — म्हणजे ठोकेपर्यंत — बोट लावू दिलं नाही.

तसली घाणेरडी कणीक मी जन्मात बघितली नव्हती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

निघाली! खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. पहिली निघते ती डोळ्यांची वैरीण, प्यालं की आंधळं करते; ती मातीत ओतली. पुढची तळहातावर चोळली. चटका बसून उडाली आणि मागे द्राक्षाचा वास राहिला.

आता पिणार कोण आधी? वेनेराच्या नवऱ्याला, शालिकोला, बोलावलं. एरवी बूच काढल्याचा आवाज ऐकून येणारा माणूस. कुंपणाशीच थांबला. "वहिनी, मला अजून नातवंडांची तोंडं बघायचीत."

"भित्र्या!"

"आहे ना. म्हणून तर म्हातारा झालो."

मग मीच घेतली. एक पेला, उभ्याने. घशातून आग उतरली आणि बसले अंगणात आंधळी व्हायची वाट बघत. अक्रोडाचं झाड दिसतंय का? दिसतंय. वेनेराच्या हनुवटीवरचा तीळ? तोही, दुर्दैवाने. दिवेलागणीपर्यंत बसले होते. अंधारायला लागलं तेव्हा एकदम डोळे चोळले, मग कळलं, सगळ्यांनाच अंधारतंय.

जुंबेरच्या ओठाला बोटाने एक थेंब लावला. डॉक्टरला सांगायचं नाही. डोळे मिटून किती वेळ चघळत राहिला तो थेंब.

ठक.

उद्या उरलेला घाणा. आग अगदी बारीक ठेवीन बाई. आणि उद्याच गोचा.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारी ठिबक थांबली. मी दांडा हातात घेऊन उभी. काठी वाजेल, मग ओढते आग. वाजली नाही. हंडाही गुणगुणत नव्हता. वरूनही काही ऐकू येईना. दांडा टाकला. हाक मारवेना. जिन्यापर्यंत गेले आणि वर बघायची हिंमत होईना.

वाजणार कुठून! काठी टेकून तो उभा होता. वरच्या पायरीवर, खांदा भिंतीला, पाय लटपटतायत, घामाने निथळतोय. तोंड किती वेळ नुसतं हलत राहिलं.

"आ...ग क...मी."

बारीक आग! माझ्याच भीतीने विझत आली होती. त्याला आधी खाली बसवला, मग दोन लाकडं सरकवली. ठिबक सुरू झाली. अजून तो पायरीवरच बसलाय, उठायला तयार नाही. गोचाची गाडी वळणावर वाजली आत्ताच. हंडा न्यायला आलाय ना? ने म्हणावं. बापाला विचारून ने!

वाईट एवढंच, आता हा म्हातारा मला भट्टीजवळ फिरकू देणार नाही. आणि मला तर आत्ता कुठे जमायला लागलं होतं.