ग्रानिट मला ओळखतो

१ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
डेटलेफ वोल्केवरची बंदी संपली! अकरा महिने घोड्यावर बसलो नाही. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत, सरावाच्या रिंगणात, ग्रानिटच्या तोंडावर चाबूक लागला. पंच म्हणतात सतरा वेळा. मी मोजत बसलो नव्हतो. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं, आणि शूटिंगमध्ये सगळंच जास्त दिसतं.
या काळात ग्रानिट आणि मिराबेल, दोन्ही घोडे हार्म्सबाईंच्या पागेत होते. बासष्ट वर्षांच्या, कंबरेतून वाकलेल्या, पण मनाने चांगल्या. ड्रेसाज, म्हणजे घोड्याला तालात, डौलात चालवायची कला, त्यांना कितपत कळतं, हा प्रश्न वेगळा.
प्लॅन: सहा आठवड्यांत दोन्ही घोडे मूळ लेव्हलला. मे महिन्यात मोठी स्पर्धा. संताप अजिबात नाही. कॉफी बंद, कॅमोमाइलचा चहा. चाबूक हातात असेल, पण शोभेला.

२ मार्च, मंगळवार
ग्रानिटने मला लगेच ओळखलं. कान मागे टाकले, म्हणजे लक्ष देत होता. मग दंडाला चावला. अकरा महिन्यांची आठवण एकदम दाटून आली असणार. दातांचा ठसा इतका स्वच्छ उठलाय की ग्रानिटचे मालक डॉक्टर लोमान (दातांचे डॉक्टर आहेत) खूश होतील.
वर बसलो. घोडा पार बिघडवून ठेवलाय. मान लांब सोडून चालतो, नाकपुड्या फुरफुरतो, जणू पेन्शनीत निघालाय. हार्म्सबाईंना विचारलं, हे काय शिकवलंत? म्हणाल्या, "श्वास घ्यायला."
अकरा महिने!

५ मार्च, शुक्रवार
आज मिराबेल. ही घोडी माझी स्वतःची. पहिली पाच मिनिटं उत्तम. मग मी टाचांचे काटे जरा लावले. जरा. तिने रिंगणाच्या फळीवर मागच्या दोन्ही पायांनी अशा लाथा झाडल्या की फळी तुटून बादलीवर, बादली जमिनीवर ठेवलेल्या माझ्या थर्मासवर. मी वाळूत. चहा वाळूत.
हार्म्सबाई म्हणाल्या, "तिला पोटरीचा नुसता स्पर्श पुरतो रे. तू दार फोडायला आल्यासारखा पाय मारतोस."
घोड्यांना लाडावून ठेवलं की हे असं होतं. चहा तसाही मानवत नव्हता. उद्यापासून कॉफी.

९ मार्च, मंगळवार
मोठी प्रगती. मिराबेल वळणावर अडली. तिच्या तोंडावर माझा हात उचलला गेला होता, पण मी उतरलो आणि लाथ भिंतीला मारली. घोडीला नाही, भिंतीला! अंगठ्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, घोड्याने पाय दिला का? मी हो म्हणालो. प्रत्येकाला सगळं समजावत कुठे बसायचं.
उजवा बूट पुढून कापून घेतला.

१२ मार्च, शुक्रवार. दुपारी
डॉक्टर लोमान आले होते. मे महिन्यात ग्रानिटवर कोण बसणार, हे ठरवायचं म्हणे. त्यात ठरवायचं काय आहे?
आधी हार्म्सबाई बसल्या. स्टुलावर चढून, कण्हत कण्हत. काटे नाहीत, चाबूक नाही. लगामात इतकी ढील की मधून कबूतर उडून जाईल. आणि ग्रानिटने पियाफ केलं, जागच्या जागी, तालात, एकेक पाय असा उचलत की जणू जमीन पोळतेय, पण लाडाने. पंधरा पावलं. मग बाई नुसत्या थांबल्या आणि घोडाही थांबला.
लोमान डोळे पुसत होते. वाळूची धूळ फार उडते त्या हॉलमध्ये.
पियाफ मीच शिकवलेलं आहे. चार वर्षांपूर्वी, दोन चाबकांनी. पाया माझा, बाईंनी फक्त रंग दिला. लोमानना हे सांगितलं. ते म्हणाले, "वोल्के, वीस तारखेला तुम्ही बसून दाखवा. मग बोलू."
दाखवतोच.

१६ मार्च, मंगळवार
बाई बाजाराला गेल्या की मी ग्रानिटला बाहेर काढतो. चोरून नव्हे, शांतता मिळावी म्हणून. जुना कडक लगाम लावला. हनुवटी छातीला टेकेपर्यंत ओढून धरला, चाळीस मिनिटं. शेवटी शेवटी एकदम नरम! घामाने काळा पडला, थरथरत होता, पण मान जिथे पाहिजे तिथे.
तोंडाला आलेला फेस गुलाबी होता. बीट खाल्लं असणार.
बाई परत आल्या. बोटाने त्याचा ओठ उचलून आत बघितलं. बराच वेळ. मी बिटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पागेत बीट नसतं, डेटलेफ." मग कोमट पाण्याने त्याचं तोंड धुवत बसल्या. जेवायला न येता तिथेच पेंढ्यावर बसून राहिल्या. या वयात थकवा येतोच.

२० मार्च, शनिवार. हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहून ठेवलं पाहिजे. लोक नंतर काहीही बोलतात.
लोमान कठड्याशी. बाई दाराशी. त्यांनी लोमानना तोंडातल्या जखमेचं आधीच सांगून ठेवलेलं. माझ्याविरुद्ध मन कलुषित करायचा प्रकार. लोमान म्हणाले, आज नकोच. मी म्हणालो, पाच मिनिटं. आणि ते उत्तर देईपर्यंत वर बसलो होतो.
दुडकी ठीक. पियाफ मागितलं. नाही. पुन्हा मागितलं. नाही. लोमान बघत होते. मी चाबूक एकदा वापरला. मग दुसऱ्यांदा, कारण पहिल्याचा अर्थ त्याला कळला नव्हता.
ग्रानिट मागच्या पायांवर सरळ उभा राहिला. मी लगामाला लटकलो, म्हणून तो तसाच मागे कोसळला. सहाशे किलो. मी अर्धा बाहेर निसटलो. कॉलरबोन गेलं, तीन बरगड्या गेल्या. तो उठताना खूर मांडीवर पडला. तोंडातून रक्त येत होतं, त्याच्या. माझ्याही.
हार्म्सबाई धावत आल्या. त्या धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी हात पुढे केला. त्या मला ओलांडून घोड्याकडे गेल्या.
तेव्हा माझ्या हातात चाबूक होताच. झोपूनच एक मारला. त्याच्या पायावर बसला. का मारला ते आता आठवत नाही. गुंगी असणार.
बाई वळल्या आणि माझ्या मनगटावर उभ्या राहिल्या. रबरी बूट घालून. मी सांगितलं, ते मनगट आहे. म्हणाल्या, "माहीत आहे."
काहीतरी मोडल्याचा आवाज आला. लोमान मध्ये पडले नाहीत.

२७ मार्च, शनिवार
लोमानचं पत्र. ग्रानिट हार्म्सबाईंकडेच राहील, मला त्याच्या आसपासही फिरकायचं नाही. ठीक. पायापासून नवा घोडा घडवण्यातली मजा वेगळीच. मिराबेल आहेच. कागदावर आणि सर्वार्थाने माझी. तिला माझ्या पागेत घेऊन येतो.

८ एप्रिल, गुरुवार. सकाळी
भाड्याचा ड्रायव्हर करून ट्रेलर घेऊन गेलो. एक हात गळ्यात, दुसरा प्लास्टरमध्ये. चाबूक नाही, काटे नाहीत. खिशात गाजर. दार उघडलं. मिराबेल मागच्या भिंतीला जाऊन चिकटली, कोपऱ्यात. पाय लटलटत होते. मानेवर घाम.
थंडी असेल. हार्म्सबाईंकडे घोंगडी मागितली. त्यांनी टाकली. लटलट थांबेना.
मी बाहेर आलो. लटलट थांबली. घोडीने पेंढ्याची काडी उचलली.
योगायोग. पुन्हा आत गेलो. पुन्हा सुरू. बाहेर आलो, थांबली. तिसऱ्यांदा उंबऱ्यावर नुसता पाय ठेवला. तिने काडी तोंडातून टाकून दिली.
गाजर बाईंच्या हातात दिलं. म्हटलं, राहू दे हिला इथेच. त्यांनी मान हलवली, मी दारातून बाजूला होईपर्यंत थांबल्या आणि गाजर घेऊन आत गेल्या.
रिकामा ट्रेलर घेऊन आलो. माझी पागा तशीही फार दमट आहे.