थॅडचं बोट

१४ मे १८७९, ट्रॉय
बेसबॉलचा सामना जिंकलो. थॅड मल्व्हीचं मधलं बोट मोडलं. तो आमचा कॅचर. मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; माझे चेंडू तो उघड्या हातांनी झेलतो. त्याने खूण केली सरळ चेंडूची, मी टाकला वळणारा. समोर प्रेक्षकांत मिस विदरेल बसली होती, पण त्याचा काही संबंध नाही. वारा होता.
मॅनेजर गोरमसाहेब थॅडवर खेकसले, डोळे घरी ठेवून आलास का? थॅड गप्प. मीही गप्प. चारचौघांत बोलणं बरं दिसत नाही. उद्या नक्की सांगणार.

१५ मे
सांगितलं नाही. साहेबांची दाढ दुखतेय. त्यात आणखी आपलं कशाला?

१७ मे
थॅडला काढलं. कारण बोट, मी नव्हे. तरी जेवताना माझा बटाटा त्याच्या ताटात टाकला. म्हणाला, तुझी भूक का मेली? एकाच खोलीत राहतो आम्ही. मन खायला लागलं की बाहेर तरी कुठे जाणार?

२० मे
नवा कॅचर ऑग्डेन. आजपासून खुणेबाहेर जायचं नाही, असा निश्चय. पहिल्याच इनिंगमध्ये मोडला. निश्चय; ऑग्डेनचं बोट थोडक्यात वाचलं. ओरडला, फिन, माझ्या खुणा बघतोस की बायका?

२३ मे
अखेर सगळ्या टीमसमोर उभा राहिलो. म्हटलं, थॅड निर्दोष आहे, दोष माझा, त्याला परत घ्या. वाटलं, खळबळ उडेल. ऑग्डेन बुटाची नाडी बांधत राहिला. साहेब म्हणाले, ते अख्ख्या ट्रॉयला दिसलं. कॅचर गेलाच होता, पिचरही घालवू? आता ऑग्डेनही तुझे चेंडू झेलायला तयार नाही. उद्यापासून तू लांब, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात.
आणि थॅड?
कोणत्या हाताने खेळेल तो?

२४ मे, सकाळ
थॅडसाठी मोठं भाषण तयार केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला त्याने जांभई दिली. म्हणाला, चेंडू तुझ्या हातून सुटला तेव्हाच कळलं रे मला.
मग बोलला का नाहीस?
वाटलं, तू बोलशील.
मग मान वर करून समोर उभा राहिला. शर्टाच्या कॉलरी शिवणाऱ्या कारखान्यात काम मागायला जायचंय, गळ्याचं बटण लाव, म्हणाला.
लावलं. माझे दोन्ही हात धडधाकट. तरी फार वेळ लागला.