देवाला बोललेला कोंबडा

१९ ऑगस्ट

सहा दिवस बोईसरच्या दवाखान्यात सलाईनवर काढून आज घरी. डेंग्यू. तिकडे माझ्या प्लेटलेट्स मरत होत्या, इकडे कोंबड्या. पाड्यावर मानमोडी आली आणि आमच्या खुराड्यातल्या पंधरापैकी चौदा माना वाकड्या करून गेल्या.

उरला एकच — तो तांबडा, बोडक्या मानेचा, गिधाडाचा चुलतभाऊ. जितेश सांगत होता, "तो पण दोन दिवस झिंगला. मग उठला आणि आरवला." माझ्या दुखण्याबद्दल नवऱ्याने इतकं बारकाईने कुणाला सांगितलं असेल, असं वाटत नाही.

२७ ऑगस्ट

कॉलेज सुरू. बारावीला उत्क्रांती. "एकटा जीव उत्क्रांत होत नाही, जीवसमूह होतो" — दरवर्षीप्रमाणे फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. कमलेश म्हणाला, "मॅडम, परीक्षेला येणार का?" येणार रे बाबा.

स्कूटीवरून वाणगावपर्यंत डोक्यात कोंबडाच. पंधरातला एक वाचला. नशीब असेल. किंवा त्याच्या रक्तात असं काही असेल, जे बाकीच्यांत नव्हतं. असेल तर पिल्लांत उतरेल! चार तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणायच्या, पिल्लं काढायची, पुढच्या साथीत कोण तगतं ते बघायचं. घरी येऊन सासूबाईंना उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"त्यो नाय. त्यो देवाला बोललाय."

झालं.

२८ ऑगस्ट

लिहूनच काढते, नाहीतर भांडण होईल. या घरात दरवर्षी गावदेवाला कोणता कोंबडा जातो? सगळ्यात दणकट. मरतुकडा दिला तर देवाचा अपमान. मग मागे राहतो लंगडा नाहीतर किडमिडा, आणि पुढची पिल्लं त्याची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय, त्याआधी किती वर्षं कोण जाणे. आमची अंडी लिंबाएवढी का, हे विचारायला शास्त्रज्ञ नको. निवड चालूच आहे, फक्त उलटी!

"नवस कशासाठी बोललात?" म्हटलं.

"व्हता एक काम."

ते काम मला चांगलं ठाऊक आहे. लग्नाला सात वर्षं झाली. पाड्यावरच्या बायका माझ्याशी बोलतात तोंडाने आणि बघतात पोटाकडे. नातू हवा. त्यासाठी कोंबड्याचा वंश बुडाला तरी चालेल. राग येतो. रडूही येतं, पण ते सासूबाईंना दिसू देणार नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. एक गुलाब, एक पेन, भाषणं.

संध्याकाळी पुन्हा प्रयत्न. "आई, बदली कोंबडा देऊ. बाजारातला ब्रॉयलर, तीन किलोचा. देवाला जास्तच मिळेल."

"देव काय हाटेलात बसलाय?"

एवढ्यावर संपलं. बी.एड.ला वादविवादात माझा पहिला नंबर आला होता.

१४ सप्टेंबर

साथीमुळे बाजारात तलंगा नाहीत. दिवाळीनंतर या, म्हणतात. तोवर महाराज डालग्याखाली. पण सकाळी बघावं तर डालगं उलटं आणि हा शेजारी चिमीच्या अंगणात! तिने माहेराहून तीन तलंगा आणल्यात. चिमीची तक्रार, "तुमचा बोडका आमचा सगळा भात खातो." रोज काखेत मारून परत आणते. शिस्त नावाचा प्रकार नाही. आता डालग्यावर पाटा ठेवलाय.

२२ सप्टेंबर

आज चोरी केली. पिशवीत घालून कोंबडा बोईसरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या किंजलच्या गॅलरीत. नवसाचा दिवस टळेपर्यंत तिथेच. घरी सांगितलं, कोल्ह्याने नेला असेल.  सासूबाई त्याला शोधत ओढ्यापर्यंत जाऊन आल्या. गुडघे दुखतात त्यांचे.

२५ सप्टेंबर

किंजलने परत आणून दिला. पहाटेपासून आरवतो, सोसायटीने नोटीस काढली. सासूबाईंनी पिशवी पाहिली, मला पाहिलं. त्याला पाणी पाजलं. मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३० सप्टेंबर

दिला.

सगळे जेवले. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. जितेश रस्सा घेऊन आला, तोही परत पाठवला. अख्ख्या पाड्यात एक जीव त्या रोगातून उठला होता, आणि आम्ही बक्षीस म्हणून त्याचीच मान कापली. घ्या आता नातू.

१६ ऑक्टोबर

चिमीने हाक मारून बोलावलं. तिच्या तलंगेने अंडी फोडली. दहा पिल्लं — त्यातली सहा बोडक्या मानेची! चिमी वैतागली होती, "काय ही भुतं." मी अंगणातच खाली बसून हसत सुटले.

बोडकी मान म्हणजे रोगाला दाद न देणं नव्हे, हे कळतं मला. पण बाप कोण ते कळलं! दहा वर्षं फळ्यावर "जीवसमूह" लिहितेय, रेघा मारतेय. आणि स्वतः काय केलं? एकाच कोंबड्यावर डालगं, डालग्यावर पाटा. त्याने माझ्या पाट्याची वाट पाहिली नाही. कॉलेजने माझा पगार चिमीच्या तलंगेला द्यावा.

सासूबाईंना ऐकवायचंच ठरवलंय. तुमच्या देवाला एक मिळाला, आम्हाला सहा.

१७ ऑक्टोबर

ऐकवलं नाही. आधी चिमीकडे पिल्लं मागायला गेले. नवसावरून बडबडले, नातवावरून. ती म्हणाली, नातवाचा कोण बोलला तुला? तुझ्या सासूने, नवसीकाकीने, नवस केला तवा मी संगती व्हते. तू दवाखान्यात, डॉक्टर काय सांगंना. खुराड्यात त्यो एकच उभा. देवापुढं जास्त बोललीच नाय ती.

"कोंबडा तुला, सून मला."